फोटोतला रंग आणि माणसाचा रंग

फोटो स्टुडिओत आपल्याला विचारला जाणारा एक प्रश्न आपण कधी गंभीरपणे घेत नाही. ‘टचिंग किती करू?’ हा तो प्रश्न. आपले उत्तरही ठरलेले असते : ‘करा, बरे दिसेल तसे.’ एवढ्या बोलण्यात आपण आपल्या चेहऱ्यावरचा हक्क दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतो. तो दुसरा माणूस वाईट असतो असे नव्हे. परंतु ‘बरे दिसणे’ म्हणजे काय, याविषयीची त्याच्या मनातली कल्पना त्याची एकट्याची नसते. ती समाजव्यवस्थेने त्याला दिलेली असते आणि आपल्यालाही दिलेली असते. म्हणून फोटोतल्या कातडीवर किती हात फिरवावा आणि रंग किती बदलावा, हा केवळ फोटोग्राफरच्या कसबाचा प्रश्न नाही. तो आपल्या विचाराचाही विषय झाला पाहिजे.

मला हा प्रश्न घरातच भेटला. माझी आई गेली तेव्हा तिचा एकटीचा असा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. माझ्या पदवीदान समारंभाच्या दिवशी काढलेल्या एका फोटोत ती कडेला उभी होती. तो फोटो मी तालुक्याच्या एका स्टुडिओत दिला आणि तिचा मोठा फोटो करून मागितला. आठ दिवसांनी फ्रेम हाती आली. आईचा चेहरा गुलाबी गोरा झाला होता. कपाळावरचे गोंदण गेले होते, गालावरचे देवीचे वण गेले होते, उन्हाने करपलेल्या मानेचा रंग चेहऱ्याच्या रंगाशी जुळवून टाकला होता. वडिलांनी फ्रेम हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, ‘ही तुही माय नाही, बाबा. कुण्या सायबाची बायको हाय.’ बहीण मात्र रडत म्हणाली, ‘राहू दे दादा. जन्मभर उन्हात राबली. फोटोत तरी चांगली दिसू दे तिला.’

या दोन्ही वाक्यांत खरेपणा आहे. वडिलांना त्यांची बायको हवी होती. बहिणीला आईचा सन्मान हवा होता. आईचा सन्मान करायचा तर तिचा रंग पुसावा लागतो, असे माझ्या बहिणीला का वाटावे? हा लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी कॅमेरा काय करतो हे समजून घ्यावे लागेल.

पुष्कळांना वाटते, कॅमेरा जे आहे ते दाखवतो. जी लबाडी होते ती नंतर. वास्तविक पाहता हे खरे नाही. सुरुवातीच्या काळातल्या काचा प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. 1873 साली जर्मनीत हेर्मान फोगेल याने काचेवरच्या रसायनात रंगद्रव्ये मिसळून ती हिरव्या प्रकाशालाही संवेदनक्षम करण्याची रीत शोधली. तिच्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म निघाल्या. त्यांना तांबडा रंग मात्र दिसत नसे. सावळी, तपकिरी कातडी निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश अधिक परतवते. म्हणजे डोळ्याला जो चेहरा तांबूस सावळा दिसे, तो या फिल्मवर होता त्याहून काळाकुट्ट उमटे. सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळेपर्यंत विसावे शतक उजाडून काही दशके गेली.

रंगीत फिल्म आली तेव्हाही गोष्ट संपली नाही. रंगीत प्रिंट काढताना रंग बरोबर आले की नाही हे ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो पुरवीत असे. त्यात एक गोरी तरुणी असे. सुरुवातीच्या मॉडेलच्या नावावरून या नमुन्याला ‘शर्ली कार्ड’ असे नाव पडले. शर्लीचा रंग बरोबर आला की सगळे बरोबर, अशी ती रीत होती. कृष्णवर्णीयांच्या चेहऱ्यातले बारकावे या फिल्मवर नीट येत नाहीत ही तक्रार होतीच. परंतु लॉर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासक बाईंनी या विषयावर केलेल्या संशोधनातून (2009) असे पुढे आले की, फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारायला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. माणसाच्या तक्रारीपेक्षा टेबल-खुर्चीची तक्रार लवकर ऐकली गेली! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले नमुना-कार्ड यायला 1990 नंतरचे दशक उजाडले. आपल्याकडच्या कलर लॅबमध्येही फिल्म आणि कागद यायचे ते अशाच परदेशी कंपन्यांचे.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातही एक जुना हिशेब शिल्लक आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस बसवला की भिंतीच्या उजेडाने मापक फसतो, प्रकाश कमी घेतो आणि चेहरा आहे त्याहून काळा पडतो. ओळखपत्राच्या फोटोत आपली मुले ओळखू येत नाहीत त्याचे एक कारण हे आहे. त्यात मुलांच्या रंगाचा काही दोष नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘फोटोला अजिबात हात लावू नका’ ही भूमिका दिसायला बाणेदार असली तरी चुकीची आहे. यंत्राने केलेला अन्याय दुरुस्त करावाच लागतो.

आता टचिंगकडे वळू. निगेटिव्हच्या काळात हे काम टोकदार शिसपेन्सिलीने होत असे. निगेटिव्हवर सगळे उलटे असते : गोरा भाग गडद, सावळा भाग पारदर्शक. निगेटिव्हवर खास रोगण लावून सुरकुती, डाग, वण यांच्या जागी पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की तेथून कागदावर प्रकाश कमी जातो आणि प्रिंटमध्ये तो भाग उजळ होतो. म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की चेहरा उजळच होणार. ती त्याला सावळा करू शकत नाही. सावळा करायचा तर पात्याने निगेटिव्ह खरवडावी लागे, आणि ते जोखमीचे काम होते. अशा रीतीने हत्यारच एका दिशेने चालणारे होते, आणि समाजाची आवडही त्याच दिशेची होती.

आज पेन्सिल गेली. संगणकावर चेहरा उजळ करता येतो तसा गडदही करता येतो. हत्याराची अडचण उरलेली नाही, तरी हात मात्र गोरेपणाकडेच वळतो. कित्येक मोबाइलमध्ये चेहरा ‘सुंदर’ करण्याची सोय असते, आणि ती कातडी गुळगुळीत करता करता उजळही करून टाकते. त्या स्टुडिओवाल्याला मी विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘सर, गोरा केला नाही तर लोक पैसे देत नाहीत.’ तो खोटे बोलत नव्हता. लग्नासाठी मुलीचा फोटो काढायला येणारे बाप त्याच्याकडे काय मागतात हे त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

येथे वर्ण या शब्दाचा विचार केला पाहिजे. आपल्या भाषेत रंगालाही वर्ण म्हणतात आणि चातुर्वर्ण्यातल्या पायरीलाही वर्णच म्हणतात. त्यामुळे वरचे ते गोरे आणि खालचे ते काळे असा समज पक्का झाला. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये जात म्हणजे वंशभेद ही कल्पना खोडून काढली, आणि 1946 साली शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्य वंशाच्या सिद्धांताचाही समाचार घेतला. अनुभवही तेच सांगतो : काळी माणसे प्रत्येक जातीत आहेत, गोरीही प्रत्येक जातीत आहेत. मग गोरेपणाला एवढी किंमत कशाची? उन्हात राबावे लागत नाही या सवलतीची ती किंमत आहे. ज्याची कातडी उन्हाने रापली त्याच्या श्रमाला प्रतिष्ठा नाही, म्हणून त्या कातडीलाही प्रतिष्ठा नाही. 1975 साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या एका क्रीमचे नाव 2020 साली बदलले गेले, त्यातला ‘गोरा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द गळाला. शब्द गळाला म्हणून मनातली उतरंड मोडली असे मात्र नव्हे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपणही सापडतो. रंग गडद करूनही माणसावर अन्याय होतो. 1994 साली अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय खेळाडूला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. तेव्हा पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर घेतला. ‘टाइम’ने तो काळवंडून छापला. दोन्ही अंक शेजारी शेजारी दिसले तेव्हा लोकांनी जाब विचारला. आपल्याकडे हे दुसऱ्या तऱ्हेने घडते. दलित वस्तीतल्या म्हाताऱ्याचा फोटो प्रदर्शनासाठी किंवा पोस्टरसाठी घेतला की सुरकुत्या अधिक खोल आणि रंग अधिक काळा करण्याचा मोह होतो. दुःख ‘उठून दिसावे’ म्हणून! त्या म्हाताऱ्याने असे दिसायला कधी होकार दिला होता? आपल्या दुःखाची जाहिरात करतानासुद्धा त्याचा चेहरा त्याचाच असतो.

मग टचिंग करावे तरी किती? माझे म्हणणे एका वाक्यात असे : यंत्राचा दोष दुरुस्त करावा, माणूस दुरुस्त करू नये. व्यवहारात याचा अर्थ काय होतो ते सांगतो. ट्यूबलाइटने चेहऱ्यावर हिरवट झाक आली, निळ्या भिंतीचा रंग गालावर पडला, मापक फसून चेहरा काळवंडला, तर हे सर्व दुरुस्त करावे. ताडून पाहण्यासाठी परक्या नमुन्याची गरज नाही. माणूस समोर असेल तर त्याचा हात प्रिंटशेजारी दिवसाच्या उजेडात धरावा. मुरूम, ओरखडा, डासाचा चावा असे जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे ते काढायला हरकत नाही. तीळ, वण, गोंदण, सुरकुती हे जे त्या माणसाबरोबर राहणार आहे ते त्याला विचारल्याशिवाय काढू नये. त्याने स्वतः काढा म्हटले तर काढावे. तो त्याचा हक्क आहे. कातडीची छिद्रे, रेषा इतक्या पुसू नयेत की चेहरा मेणाचा वाटेल. डोळे आणि दात कागदासारखे पांढरे करू नयेत.

आणि खरे काम टचिंगच्या आधी, प्रकाशाच्या वेळी करावे. सावळ्या चेहऱ्याची घडण त्याच्या कातडीवरच्या चकाकीतून दिसते. समोरून फ्लॅशचा झोत मारण्यापेक्षा बाजूने मोठा, मऊ प्रकाश घ्यावा, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरावा. गालाचे हाड, कपाळ, नाक आपोआप उठून येते. ती चकाकी ‘तेलकट’ म्हणून सगळी पुसली की चेहरा सपाट होतो. चांगल्या प्रकाशातला सावळा चेहरा गोरा न करताही देखणा दिसतो, हे एकदा पाहिले म्हणजे पुष्कळशी मागणी आपोआप कमी होईल.

अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस हे एकोणिसाव्या शतकात ज्यांचे सर्वाधिक फोटो निघाले असे अमेरिकन मानले जातात; त्यांचे सुमारे 160 निरनिराळे फोटो सापडले आहेत. गोरे चित्रकार काळ्या माणसाचे चित्र निःपक्षपातीपणे काढत नाहीत, अशी तक्रार त्यांनी 1849 सालीच केली होती. म्हणून ते पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर ताठ बसले. ज्या अमेरिकन चळवळीने गुलामांना मुक्त केले तिच्याविषयी महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेत आदर व्यक्त केला. तो धागा आपल्या भिंतीवरच्या फोटोपर्यंत आणायला हवा. बाबासाहेबांचे आपल्याला ठाऊक असलेले बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. कॅलेंडरवरचा रंग नंतर कोणीतरी भरलेला आहे, आणि कित्येक कॅलेंडरांवर तो गुलाबी आहे. त्या माणसाच्या थोरवीला गुलाबी रंगाची काय गरज होती?

आईचा फोटो मी पुन्हा करून घेतला. या वेळी स्टुडिओवाल्याशेजारी बसलो. जुन्या फोटोतली पिवळी झाक त्याने काढली, सावलीतला चेहरा थोडा उघडला, गोंदण ठेवले, वण ठेवले. दोन तास लागले आणि त्याने पैसे पहिल्याइतकेच घेतले. वडिलांनी तो भिंतीवर लावला. पहिली फ्रेम बहिणीने आपल्या घरी नेली आहे, आणि ती परत माग असे मी तिला म्हणालो नाही. तिला आईचा मान हवा आहे. तो या रंगातच आहे हे तिला पटवण्याचे काम माझे आहे, आणि ते एका फ्रेमने होणारे नाही. परंतु पुढच्या वेळी ‘टचिंग किती करू?’ असे कोणी विचारले तर आपल्यापैकी प्रत्येकाने क्षणभर थांबून, विचार करून उत्तर द्यावे.