आदान-परीक्षण, मानक फलनसंग्रहातील

संगणकीय फलनाला (ठराविक काम करणाऱ्या तयार आज्ञासमूहाला) पुरविलेले मूल्य योग्य प्रकारचे व मर्यादेतील आहे की नाही, हे तपासण्याची क्रिया. प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेबरोबर नेहमी लागणाऱ्या फलनांचा एक मानक संग्रह असतो. त्यातील सर्व फलनांची कसोटी एकच असणे इष्ट असते. परंतु हे संग्रह अनेकांच्या हातून व अनेक वर्षांत वाढत असल्याने त्यांत विसंगती राहतात.

सी भाषेतील ‘एटॉय’ हे फलन अक्षरमालेचे पूर्णांकात रूपांतर करते. अंकांऐवजी अक्षरे दिल्यास ते शून्य देते. त्यामुळे खरे शून्य व चूक यांतील भेद कळत नाही. त्याच संग्रहातील ‘स्ट्रटोल’ हे फलन मात्र वाचन कोठे थांबले तेही सांगते.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत ही विसंगती विशेष जाणवते. युनिकोड संकेतप्रणालीत स्वर व व्यंजने ‘अक्षर’ या वर्गात, तर काना, मात्रा इ. ‘चिन्ह’ या वर्गात मोडतात. ‘पारनेर’ या शब्दात सहा संकेत असून त्यांपैकी चार अक्षरे व दोन चिन्हे आहेत. पायथन भाषेतील ‘इझअल्फा’ हे फलन केवळ अक्षरवर्ग मानते. म्हणून ‘पारनेर’ हा शब्द ते अक्षरमय नाही असे ठरविते. उलट ‘इझआयडेंटिफायर’ हे फलन तोच शब्द चलाचे नाव म्हणून ग्राह्य मानते. पारनेर ज्या जिल्ह्यात आहे त्याचे ‘अहमदनगर’ हे जुने नाव पहिल्या कसोटीस उतरते, कारण त्यात एकही चिन्ह नाही. 2024 मध्ये मिळालेले ‘अहिल्यानगर’ हे नाव मात्र उतरत नाही. अशा फलनावर विसंबून अर्जातील नावे तपासल्यास बहुसंख्य मराठी नावे अग्राह्य ठरतील. देवनागरी अंकांचेही असेच आहे : पायथनचे ‘इंट’ फलन ‘१२’ ही अक्षरमाला बारा अशी वाचते, परंतु आज्ञावलीत संख्या म्हणून तेच अंक लिहिल्यास भाषा ते नाकारते.

अशा विसंगती दूर करणे सोपे नसते, कारण जुन्या आज्ञावल्या जुन्याच वर्तनावर अवलंबून असतात. पीएचपी भाषेच्या 2020 मधील 8.0 या आवृत्तीत अंगभूत फलनांनी चुकीच्या प्रकारच्या मूल्यावर नुसती सूचना न देता दोष दर्शवून थांबावे, असा समान नियम करण्यात आला. संग्रहात सुधारणा होईपर्यंत प्रत्येक फलनाची नेमकी व्याख्या पाहून व मराठी मजकुरावर चाचणी घेऊनच त्याचा वापर करणे हितावह ठरते.