सांधे आणि सवयी (भाग 9): वरणानं काय घोडं मारलंय?

चुडावा हे पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं स्टेशन. जिल्हा परभणी, पण दवाखान्याचं काम निघालं की इथली माणसं नांदेडची गाडी धरतात. ते जवळ पडतं. तिथल्या फलाटावर गाडीची वाट बघताना शेजारच्या काकांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी तब्येतीवर लिहितो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. रक्ततपासणीचा रिपोर्ट होता. एका आकड्याखाली पेनानं दोनदा रेघ मारलेली: यूरिक ॲसिड 7.4.

"चार महिने झाले, वरन बंद केलंय. हुलगे बंद, पालक बंद, शेंगदान्याची चटनीबी बंद. टाच मात्र दुखायलीच की हो."

चालू काय आहे, हे मी विचारलं. चहा, दिवसाला सात-आठ. दुखलं की मेडिकलमधून आणलेली गोळी. "अन् कंदुरीचं आवतन आलं तर नाही कसं म्हनावं?" ताटातलं वरण गेलं होतं, कंदुरीच्या मटणातली कलेजी शाबूत होती. मागच्या भागाच्या शेवटी मी यूरिक ॲसिडवर लिहीन म्हणालो होतो. सुरुवात या काकांनीच करून दिली.

आपल्या प्रत्येक पेशीत, तिच्या जनुकद्रव्यात, प्युरीन नावाचे घटक असतात. जुन्या पेशी मोडतात, प्युरीन सुटतं आणि त्याची शेवटची राख म्हणजे यूरिक ॲसिड. रोज तयार होणाऱ्या या राखेचा साधारण दोन-तृतीयांश वाटा शरीराच्या स्वतःच्या मोडतोडीतून येतो, जेवणातून येतो तो उरलेला एक-तृतीयांश. म्हणजे माणूस निव्वळ पाण्यावर राहिला तरी त्याच्या रक्तात यूरिक ॲसिड असणारच. बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं, थोडं आतड्यांचं. ज्यांचं प्रमाण वाढतं त्यांतल्या बहुतेकांत गडबड या निचऱ्याची असते, आवक जास्त झाल्याची नव्हे. आपण मात्र भांडतो ते ताटाशी.

गाय, कुत्रा, उंदीर यांच्याकडे यूरिक ॲसिड आणखी फोडणारं एक विकर असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावलं. पक्ष्यांकडेही ते नाही. कबुतराच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे यूरिक ॲसिडच.

हे द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही. शरीराच्या तापमानाला 100 मिलिलिटर रक्तात साधारण 6.8 मिलिग्रॅम एवढंच मावतं. पाक थंड झाला की साखर धरतो, तसं थंडाव्यात ही मर्यादा आणखी खाली येते. हृदयापासून सगळ्यात लांब आणि गार जागा पायाच्या अंगठ्याची. म्हणून सुयांसारखे स्फटिक बहुतेकदा तिथल्या सांध्यात पहिले बसतात. त्यातून उठणारं सांध्याचं दुखणं म्हणजे गाउट. डच सूक्ष्मदर्शकवाल्या लेवेनहूकनं गाउटच्या गाठीतल्या खडूसारख्या पदार्थात अशा सुया 1679 साली पाहिल्या होत्या. त्या कशाच्या आहेत हे मात्र त्याला कळायचं कारण नव्हतं. यूरिक ॲसिड सापडलं ते 1776 साली, शील या रसायनशास्त्रज्ञाला, मुतखड्यात.

आपल्याकडे चरकसंहितेत 'वातरक्त' येतं. त्याची कक्षा आजच्या गाउटपेक्षा मोठी आहे, दोन्ही एकच असं म्हणता येणार नाही. पण त्याचं तिथलं एक दुसरं नाव मला फार आवडतं: आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. खाऊनपिऊन सुखी, बसून राहणाऱ्या माणसाचा आजार, हे निरीक्षण तेव्हाचं आहे.

मग टाच दुखणाऱ्या शेतकऱ्याला गाउट झालाय का? पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या फुगवट्याच्या काठी भिगवण आहे. 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन चार हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमातलं ते काम; भारतातल्या खेड्यातल्या सांधेदुखीचा इतका बारकाईनं हिशेब आधी क्वचितच झाला होता. सुमारे 18 टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या आसपास, जवळपास तेवढंच मऊ भागांचं, म्हणजे स्नायू-कंडरांचं दुखणं. आणि गाउट? हजारात एखादा. तोही मासळीला तोटा नसलेल्या गावात.

तेव्हापासून पोटं वाढली, पायी चालणं मोटारसायकलनं खाल्लं, त्यामुळे आज आकडा थोडा वेगळा असेल. पण खेड्यातला दुखणारा प्रत्येक गुडघा आणि प्रत्येक टाच यूरिक ॲसिडच्या खात्यावर टाकता येत नाही, हे भिगवणनं दाखवलंय. सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना टाच ठणकते आणि चालल्यावर सैल होते, ते दुखणं बहुधा तळव्याच्या पट्ट्याचं. गाउट असा कुरकुरत येत नाही. तो रात्री येतो. अंगठ्याचा सांधा काही तासांत लालबुंद, गरम. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. आठ-दहा दिवसांत, कधी उपचाराशिवायही, ओसरतो आणि माणूस विसरतो. ऐन दुखण्यात रक्त तपासलं तर यूरिक ॲसिड कधी कधी चक्क नॉर्मल येतं. दोनेक आठवड्यांनी पुन्हा बघावं लागतं. उलट नुसता आकडा वाढलेला, बाकी काही नाही, अशी माणसं पुष्कळ. त्यांतल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही आणि त्यांना सरसकट औषधही लागत नाही. हल्ली पॅकेजमध्ये तीस-चाळीस तपासण्या एकदम करतात, त्यात हा आकडा फुकट मिळतो आणि घरात घोर लागतो.

आता ताटाकडे येऊ. 2004 साली ह्यॉन चोई आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या आरोग्यक्षेत्रातल्या 47,150 पुरुषांना त्यांनी 12 वर्षं नजरेखाली ठेवलं होतं. त्यांतल्या 730 जणांना गाउट झाला. मटण-मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत धोका वाढला. डाळी, वाटाणे, पालक अशा प्युरीनवाल्या भाज्या-कडधान्यं खाणाऱ्यांत वाढला नाही. दूध-दही घेणाऱ्यांत तर तो कमी झाला. ती माणसं अमेरिकेतली, पण डाळीवरचा आरोप तिथेही टिकला नाही, हे महत्त्वाचं.

शिवाय वाटीभर वरणात कोरडी डाळ असते किती? फार तर 25-30 ग्रॅम. चुडाव्याच्या आसपासच्या घरात मांसाहार वारानं, अंडं कधीमधी. रोजचं प्रथिन म्हणजे तूर आणि ज्वारी. ज्वारीत जे प्रथिनाचं अंग कमी पडतं ते डाळ भरून काढते. याच जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी 2018 साली दिली. एकीकडे भाकरीत पोषण भरायचं आणि दुसरीकडे एका आकड्यापायी डाळ काढून घ्यायची, हा उफराटा कारभार झाला.

ज्यांना गाउट खरोखर आहे त्यांनी हात आखडायचा तो कलेजी, भेजा, वजडी, सुकट अशा पदार्थांवर. कंदुरीला जावं, पण दोन फोडी घेऊन ताकाकडे वळावं. दारू यूरिक ॲसिड तयारही जास्त करते आणि निचराही अडवते; बिअरमध्ये वरून प्युरीन असतं. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांची म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

पण खरा छुपा गडी आहे साखर. तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज. यकृतात ते पचवताना पेशीची ऊर्जा झपाट्यानं खर्च होते आणि त्या खर्चाचा भंगार माल यूरिक ॲसिड होऊन रक्तात येतो. त्याच पुरुषांच्या अभ्यासात, दिवसाला दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांत गाउटचा धोका 85 टक्के जास्त दिसला. काकांच्या आठ कपांत दोन-दोन चमचे धरले तर दिवसाला 80 ग्रॅमच्या घरात साखर, म्हणजे 40 ग्रॅम फ्रुक्टोज. गुळाचा चहा घेतला म्हणून सुटका नाही. गूळही बराचसा तोच. ऊस पिकवणाऱ्या भागात हे बोलायला जड जातं, पण बोललं पाहिजे.

दुसरी गोष्ट पाणी. मे महिन्यात परभणीकडचा पारा 43-44 वर जातो. रानात घाम निथळतो, आणि बाई असो की बाप्या, पाणी पितात ते बांधावर आल्यावर. लघवी घट्ट, आम्ल होते. निचरा मंदावतो, मुतखड्यालाही वाव मिळतो. लघवीचा रंग फिका राहील इतकं पाणी, हे माप लिटरपेक्षा सोपं. निर्जळी उपवासात दुहेरी मार बसतो: पाणी नाही, आणि उपाशीपोटी चरबी जळताना तयार होणारी आम्लं यूरिक ॲसिडची बाहेर पडायची वाट अडवतात. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी अंगठा सुजला तर तो देवाचा कोप नव्हे. वजन उतरवायचं तेही याच कारणानं सावकाश.

काही औषधंही आकडा वाढवतात. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, कमी मात्रेतलं ॲस्पिरिन, क्षयरोगाच्या उपचारातलं पायराझिनामाइड. ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत. डॉक्टरांना सांगायचं, इतकंच. मनानं घेतलेली दुखण्याची गोळी मात्र थांबवायला हवी. ती रोज घेतली की मूत्रपिंडच बिघडतं, आणि निचरा करणारं तेच.

आहाराला मर्यादा आहे. सगळं पथ्य पाळूनही आकडा साधारण एकानं उतरतो. ज्याचा साडेनऊ आहे आणि वर्षातून तीनदा अंगठा पेटतो, त्याला औषध लागतं. ॲलोप्युरिनॉल 1966 पासून गाउटवर वापरात आहे. त्यामागच्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चं नोबेल मिळालं. कमी मात्रेनं सुरू करून आकडा 6 च्या खाली आणायचा. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक सुटताना दुखणं उलट वाढू शकतं, आणि नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात.

एक इशारा. आपल्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी दिसते. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, म्हणजे गाउटच्या झटक्यावर डॉक्टर मोजून देतात तेच द्रव्य. कंद उगाळून घेणं जिवावर बेततं.

यातलं थोडंफार मी काकांना सांगेपर्यंत गाडीची घोषणा झाली. टाच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पुन्हा तपासाल तेव्हा किडनीचंही बघा, म्हटलं. ते रिपोर्टाच्या घड्या पुन्हा घालत होते.

"म्हंजे रातच्याला वरन मागू?"

मागा की.

"अन् चहात साखर?"

एक चमचा, आणि कप तीनच.

ते डब्यात चढले, दारात उभं राहून मागे वळले. "वरन सोडलं ते बरं हुतं मग," म्हणाले.