गोवर येऊन गेलेला बरा? आपल्या शरीरातल्या पेशी काय सांगतात



अंगणवाडीत किंवा शाळेत लसीकरणाची सूचना लागली की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "बाई, ताप येईल का हो?" दुसरा जरा दबक्या आवाजात, "गोवर तर आमच्या वेळी सगळ्यांनाच यायचा. एकदा येऊन गेला की शरीर पक्कं होतं. मग सुई कशाला टोचायची?" हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्यात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर आपली रोगप्रतिकारशक्ती नेमकी कशी चालते ते बघावं लागतं. आज तेच बघू या.

वर्गात आपण काय शिकवतो? पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, रोगजंतू म्हणजे शत्रू, झाली लढाई. मुलांना चित्र आवडतं, पण या चित्रात दोन महत्त्वाच्या गोष्टी राहून जातात. सैनिक शत्रूला ओळखतात कसे? आणि एकदा आलेला शत्रू त्यांच्या लक्षात कसा राहतो? खरी गंमत तर या दोन प्रश्नांतच आहे.

सुरुवात कातडीपासून करू. अखंड त्वचा, नाकातला शेंबूड, डोळ्यांतलं पाणी, जठरातलं आम्ल यांच्यामुळे बहुतेक जंतू आत शिरूच शकत नाहीत. मुलं शेंबडाला हसतात, त्यांना जरूर सांगा की धूळ आणि जंतू चिकटून बसावेत म्हणूनच तो चिकट असतो.

आता समजा, मैदानावर खेळताना पायात काटा मोडला. भिंतीला भोक पडलं आणि जंतू आत गेले. त्या जागी आधीपासूनच मोठ्या भक्षक पेशी गस्त घालत असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. त्या जंतूंना गिळतात आणि रासायनिक संदेश सोडतात. त्या संदेशांनी आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येतं, वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो. म्हणून ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. त्या वाटेनेच न्यूट्रोफिल नावाच्या पेशी झुंडीने येतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत साधारण निम्म्याहून जास्त याच असतात. त्या जंतू खातात आणि स्वतःही मरतात. गळवातून निघणारा पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशींचा ढीग. काट्याचं उदाहरण मी मुद्दामच घेतलं. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने इटलीत मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फिरत्या पेशींनी काट्याभोवती गर्दी केलेली. त्यातून भक्षक पेशींची कल्पना पुढे आली आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

इथवरची फौज झटपट येते, पण ती सगळ्या जंतूंशी साधारण एकसारखंच वागते. गोवर वेगळा, धनुर्वात वेगळा असा बारीक भेद तिला कळत नाही. तो ओळखणारी दुसरी फळी आहे आणि तिचा पत्ता आपल्या आजीला माहीत होता. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, आजी म्हणते, "अवधाण आलंय." ही गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. डेंड्रायटिक नावाच्या पेशी जखमेच्या जागी जंतूचे तुकडे उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात, "हा बघा, असा दिसतो. कोणी ओळखतं का?" तिथे बी पेशी आणि टी पेशी बसलेल्या असतात. जिला तो तुकडा जुळतो ती भराभर आपल्यासारख्याच हजारो पेशी तयार करते. त्या गर्दीमुळेच गाठ फुगते. हाताला जखम झाली तर ती काखेत येते, घसा बसला तर जबड्याखाली.

पण जुळणारी पेशी आधीपासून हजर कशी? नवा जंतू आल्यावर शरीर त्याला पाहून पेशी बनवत असेल, असं आपल्याला वाटतं. खरं उलट आहे. शरीर आधीच अब्जावधी पेशी बनवून ठेवतं. प्रत्येकीवर ग्राहक नावाची एक खाच असते आणि तिचा आकार जवळपास प्रत्येक पेशीत वेगळा असतो. एखाद्या किल्लीवाल्याने गावात कुठलं कुलूप येणार हे माहीत नसताना हरतऱ्हेच्या किल्ल्या घासून टांगून ठेवाव्यात, तसं. बहुतेक किल्ल्या आयुष्यभर वापरल्याच जात नाहीत.

अशा अंदाधुंद किल्ल्यांतली एखादी आपल्याच घराच्या कुलपाला लागली तर? म्हणून टी पेशींना छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत परीक्षा द्यावी लागते. जी स्वतःच्याच शरीराच्या पेशींवर तुटून पडेल ती बाद, जी काहीच ओळखू शकत नाही तीही बाद. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पास होतात. (आपल्या शाळेचा निकाल असा लागला तर काय होईल, कल्पना करा!) या चाळणीतून निसटलेल्या पेशी कधी कधी घात करतात. लहान मुलांमध्ये दिसणारा टाइप एक मधुमेह हे त्याचंच उदाहरण. त्यात टी पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारून टाकतात. वर्गात असं मूल असेल तर "गोड खाल्ल्यामुळे झालं" असं कोणालाही म्हणू देऊ नका.

निवड झालेल्या पेशींची कामं वाटलेली असतात. मारक टी पेशी विषाणूने घेरलेल्या आपल्याच पेशी नष्ट करतात, कारण विषाणू आतच वाढत असतो. साहाय्यक टी पेशी बाकीच्यांना हुकूम देतात. बी पेशींपासून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात. प्रतिपिंड म्हणजे ती खाचच सुटी करून रक्तात सोडलेली. ते जंतूला चिकटतं आणि त्याला पेशीत शिरू देत नाही. पण या सगळ्याला पहिल्या वेळी आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात जंतू आपला कार्यभाग उरकून घेतो आणि आपण आजारी पडतो.

लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, काही मात्र स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. हे किती पक्कं टिकतं याचा एक सुंदर पुरावा आहे. डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली आणि नंतर ६५ वर्षं तिथे गोवर फिरकलाच नाही. १८४६ साली तो परत आला तेव्हा ७,७८२ लोकवस्तीपैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले. पीटर पानुम हा तरुण डॉक्टर तिथे गेला आणि घरोघर चौकशी करू लागला. लहानपणी, १७८१ च्या साथीत, ज्यांना गोवर येऊन गेला होता असे ९८ म्हातारे त्याला आढळले. त्यांच्यापैकी एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. मधली ६५ वर्षं आठवण करून द्यायला कोणी आलं नव्हतं, तरी शरीर विसरलं नाही.

म्हणजे "एकदा आला की परत येत नाही" हे आपल्या पालकांचं म्हणणं बरोबरच निघालं. आता दुसरी बाजू.

गोवराचा विषाणू इतर जंतूंसारखा पहारेकऱ्यांना चुकवत नाही, तो पहारेकऱ्यांमध्येच घर करतो. श्वासावाटे आत आला की तो तिथल्या रोगप्रतिकारक पेशींत शिरतो, त्यांच्यावर बसून लसिकाग्रंथीत पोहोचतो आणि तिथल्या स्मृतिपेशींवर हल्ला करतो. या स्मृतिपेशींत मुलाने आजवर झेललेल्या सगळ्या आजारांची नोंद असते. गोवर बरा होतो, गोवराची आठवण पक्की राहते, पण जुन्या नोंदींची पानं फाटलेली असतात. २०१९ साली नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. आधी असलेल्या प्रतिपिंडांच्या विविधतेपैकी ११ ते ७३ टक्के गायब झाली होती. लस घेतलेल्या मुलांमध्ये असं काही घडलं नाही. गोवरातून उठलेलं मूल पुढे कितीतरी दिवस खोकला, जुलाब, कानाचं दुखणं यांनी हैराण असतं, ते यामुळे. गोवराने होणारे बरेच मृत्यू खुद्द पुरळाने नव्हे, तर मागून येणाऱ्या न्यूमोनियाने होतात. "येऊन गेला की शरीर पक्कं होतं" हे गोवरापुरतंच खरं. बाकी सगळ्या बाबतीत शरीर कच्चं होतं.

आणखी एक समजूत. "गोवर नीट बाहेर पडला पाहिजे, उष्णता आत राहता कामा नये." अंगावर पुरळ येतो तो उष्णतेमुळे नव्हे. आपल्याच टी पेशी त्वचेतल्या विषाणूबाधित पेशींवर हल्ला करतात, त्याच्या त्या खुणा. पुरळ नीट उठावा म्हणून मुलाला डॉक्टरांकडे न्यायला उशीर करणं धोक्याचं आहे. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, पण धाप लागत असेल, मूल पाणी पीत नसेल, फार गुंगीत असेल तर थांबू नका. डॉक्टर अशा मुलांना अ जीवनसत्त्वही देतात. ते डोळ्यांना जपतं.

लस काय करते? आठवण मिळते, पण किंमत मोजावी लागत नाही. गोवर-रुबेलाच्या म्हणजे एमआर लसीत दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात. ते थोडे वाढतात, लसिकाग्रंथीत ओळख परेड होते, स्मृतिपेशी तयार होतात, पण जुन्या नोंदी फाटत नाहीत. आता तापाच्या प्रश्नाकडे येऊ. टीडीची सुई टोचली तर हात दुखतो, ताप आला तर साधारण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी येतो. एमआरचा ताप मात्र आठवडाभराने, कधी दहा-बारा दिवसांनी येतो, कारण विषाणूला वाढायला वेळ लागतो. तोवर पालक सुई विसरलेले असतात आणि मग घाबरतात. ही एक गोष्ट आधीच सांगून ठेवली तर निम्मे फोन कमी होतात. हा ताप सौम्य असतो, एक-दोन दिवसांत उतरतो. औषध किती द्यायचं ते डॉक्टर किंवा आशाताईंना विचारा.

पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दोनदा कशासाठी? बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे अजून उरलेली असतात आणि ती लसीच्या विषाणूलाही अडवतात. ९ महिन्यांच्या पहिल्या डोसनंतर साधारण ८५ टक्के बाळांनाच संरक्षण मिळतं. दुसऱ्या डोसात राहिलेली बहुतेक मुलं येतात. "एक घेतलाय ना, पुरे" असं म्हणणारे पालक याच ठिकाणी फसतात.

गोवराचा एक रोगी, कोणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना आजार देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणून शंभरातल्या ९५ मुलांचे दोन्ही डोस झालेले असावे लागतात. ज्या बालकाचे अजून ९ महिने भरले नाहीत, जे मूल कर्करोगाचे उपचार घेतंय आणि ज्याला ही जिवंत लस देता येत नाही, त्यांच्यासाठी बाकीच्या मुलांचे दंडच कुंपण असतात. आपल्याकडे २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून एमआरची मोठी मोहीम झाली. त्यानंतर कोरोनाच्या काळात अनेक बाळांचे डोस हुकले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसंच मालेगाव, भिवंडीतही गोवर उसळला. मुलं दगावली. कुंपणाला भोक कुठे पडलंय ते विषाणूला बरोबर सापडतं.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरींबद्दल दोनच शब्द. ही काही पंख्याची गती नाही, बटण फिरवून वाढवायची. ती नको तिथे वाढली की ॲलर्जी होते. पोटभर साधं जेवण, झोप आणि वेळच्या वेळी लस, एवढं पुरेसं आहे. ते पैसे फळांवर खर्च करा.

वर्गात घेता येईल असा खेळ : प्रत्येक मुलाला कडेला वेगवेगळी खाच कापलेला पुठ्ठ्याचा तुकडा द्या. तुम्ही एक "जंतू" आणा, तो एकाच्याच खाचेत बसला पाहिजे. जुळणारं मूल सापडायला किती सेकंद लागले ते फळ्यावर लिहा. मग त्या तुकड्याच्या आणखी सहा प्रती वाटा आणि तोच जंतू परत आणा. मुलं स्वतःच ओरडतात, "आता लगेच सापडला!" स्मृतिपेशी शिकवून झाल्या.

या खेळानंतर एखादं चुणचुणीत मूल हमखास विचारतं, "मग सर्दी पुन्हा पुन्हा का होते?" त्याचं उत्तर असं : सर्दी हा एक आजार वाटला तरी नुसत्या ऱ्हायनो विषाणूचेच शंभराहून जास्त प्रकार आहेत. एकाची आठवण दुसऱ्याला लागू पडत नाही. फ्लूचा विषाणू तर दरवर्षी थोडा थोडा चेहरा बदलतो. गोवराला हे जमलेलं नाही. १९५४ साली बॉस्टनजवळच्या एका शाळेतल्या डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या आजारी मुलाकडून मिळालेल्या विषाणूपासून लसीचा वाण तयार झाला. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या गोवराच्या लसीतला वाणही त्याच घराण्यातला आहे, आणि त्यावर तयार झालेल्या स्मृतिपेशी आजच्या गोवरालाही ओळखतात.

घरी गेल्यावर बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा. एमआर १ आणि एमआर २, दोन्ही रकान्यांत तारीख हवी. एखादा रकाना कोरा असेल आणि मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, तर सरकारी दवाखान्यात राहिलेला डोस आजही मोफत मिळतो.