बैठकीच्या खोलींतील तिवई : जुनी कीं नवी ?

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड व शिवडी या दोन स्टेशनांच्या मध्यें कॉटन ग्रीन आहे. नांवांत हिरवळ आहे. पाहूं गेल्यास ती कोठेंच सांपडत नाहीं. कारण हें नांव मूळचें कोटांतील. सेंट थॉमस चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानावर पूर्वीं कापसाचे गठ्ठे रचले जात. एकोणिसाव्या शतकांत तो बाजार कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकांत शिवडीजवळ आला. मैदान मागें राहिलें, नांव तेवढें बरोबर आलें.

बैठकीच्या खोलींत खुर्चीशेजारीं जें लहानसें टेबल असतें, त्याच्या नांवाचा प्रवासहि असाच मौजेचा आहे. त्यास टीपॉय म्हणतात, आणि त्यावर चहा ठेवावयाचा म्हणून ‘टी’, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक हा शब्द हिंदुस्थानींतील ‘तिपाई’, म्हणजे तीन पायांची. तो इंग्रजांनीं उचलला, चहाच्या संगतीनें त्याचें स्पेलिंग बिघडलें, आणि पुढें चार पायांचें टेबल घेऊन तोच शब्द आपल्या घरीं पाहुण्यासारखा परत आला. मराठींत तिवई हा सख्खा शब्द होताच. घागर ठेवावयास घरोघर तिचाच उपयोग होई.

तीन पायांत एक गणित आहे. कोणतेहि तीन बिंदू एका पातळींत येतातच; चौथा येईल न येईल. म्हणून तिवई कशाहि जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाहीं. चार पायांचें टेबल मात्र उंचसखल शहाबादी फरशीवर एक पाय वर धरून उभें राहतें आणि त्याखालीं कागदाची घडी सारावी लागते. पण या गुणाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. मध्यापासून ८ इंचांवर पाय असलेली तिवई घेतली, तर दोन पायांना जोडणारी रेघ मध्यापासून अवघी ४ इंच दूर पडते. चार पायांच्या टेबलांत तीच रेघ साडेपांच इंचांहून अधिक दूर जाते. या रेघेच्या बाहेर भार पडला कीं टेबल कलंडूं लागतें. ज्या घरांत रांगतें मूल कशालाहि धरून उभें राहूं पाहतें, तेथें हलकी तिवई नको. नव्या इमारतींतील लादी सपाट असल्यामुळें चार पायांचें भय तेथें उरलेलें नाहीं, हेंहि ध्यानांत घ्यावें.

हा विचार आज निकडीचा झाला आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत राहणारीं पहिलीं कुटुंबें २०२५ सालीं ५०० चौरस फुटांच्या घरांत गेलीं. काळाचौकी, शिवडी, कॉटन ग्रीन या बाजूसहि जुनें घर सोडून नव्यांत जाण्याची चर्चा घरोघर ऐकूं येते. खोली रिकामी करावयाच्या दिवशीं घाई असते. पेट्या, भांडीं, देव यांची व्यवस्था आधीं लागते; आणि दाराशीं उभ्या असलेल्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर पहिल्यानें चढतो तो आजोबांचा काळवंडलेला टीपॉय. पुढें महिन्याभरानें त्याच घरीं दुकानांतून चकचकीत टेबल येतें. तें बहुधा लांकडाच्या भुशाचें, दाबून केलेल्या फळीचें असतें. कडेच्या पट्टींतून पाणी आंत शिरलें कीं ही फळी फुगते, व एकदां फुगलेली फळी पुन्हां बसत नाहीं. जें गेलें त्याची किंमत तेव्हां कळते. ब्रह्मदेशानें साग ओंडक्यांच्या रूपानें परदेशीं पाठविणें २०१४ सालीं बंद केलें. त्या सागाचा जुना टीपॉय ज्याच्या घरीं आहे, त्यानें तो देण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

तथापि जुनें तेवढें सोनें, हा समजहि फसवा आहे. प्रथम टेबल उलटें करून पाहावें. पाय व वरची चौकट यांचा सांधा कुसूं आणि खांच यांनीं केलेला असला, तर तो सैल झाला तरी सुतार उघडून सरसानें पुन्हां बसवूं शकतो. केवळ खिळ्यांवर उभें असलेलें टेबल दुरुस्त करण्यांत फारसा अर्थ नाहीं. किडीचीं भोंकें दिसलीं तर एकदम दचकूं नये. भोंकें आंतून काळीं असून खालीं पीठ पडत नसेल, तर कीड जुनी व मेलेली. टेबल कागदावर आठ दिवस ठेवावें. कागदावर बारीक पीठ पडलें, तर कीड जिवंत आहे आणि तें टेबल तसेंच नव्या घरांत नेणें धोक्याचें. वरच्या फळीवर कपाचें पांढरें वर्तुळ असेल, तर तो डाग लांकडांत नसून पॉलिशांत असतो. जुनें फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली लाख. ऊन व पाणी दोन्हींचें तिला वावडें. अशी फळी खरवडूं नये. वरून पॉलिशाचा हात दिल्यानें काम भागतें.

चोरबाजारांतील मटन स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याच्या बाजारांत जुनें टेबल विकत घेणाऱ्यास आणखी एक युक्ति ठाऊक असावी. अस्सल जुन्या गोल फळीचा व्यास दोऱ्यानें दोन दिशांनीं मोजावा. लांकूड वर्षानुवर्षें सुकतांना रेषांच्या आडव्या दिशेनें आकसतें, लांबीच्या दिशेनें जवळजवळ नाहीं. म्हणून जुनें वर्तुळ किंचित् लांबट भरतें. दोन्ही मापें काटेकोर सारखीं आलीं, तर काळसर रंग कालपरवां चढविलेला असण्याचा संभव फार. मात्र इराणी हॉटेलांतून निघालेल्या संगमरवरी टेबलांस ही परीक्षा लागू नाहीं. तेथें दगडास तडा आहे कीं काय, एवढेंच पाहावें, आणि तें वजन जिन्यावरून कोण चढविणार, तेंहि!

नव्या वस्तूंतहि विचारपूर्वक केलेल्या पुष्कळ आहेत. आयलीन ग्रे या आयरिश बाईंनीं १९२७ च्या सुमारास फ्रान्समधील आपल्या घरासाठीं पोलादी नळीचें एक गोल टेबल केलें. त्याचा पाय एका बाजूस असून बैठक पलंगाखालीं सरकते व उंची कमीअधिक करतां येते. बिछान्यांत बसून न्याहारी करितां यावी हा हेतु. लहान खोलींत आजारी माणूस असेल, तेथें याहून उपयोगी टेबल दुसरें नाहीं. फिनलंडच्या आल्वार आल्टो यांनीं १९३३ सालीं बर्च लांकडाचें तीन पायांचें साधें स्टूल केलें. तीं एकावर एक रचून ठेवतां येतात आणि बाजूचें टेबल म्हणूनहि चालतात. म्हणजे आपली तिवईच, दुरून फिरून आलेली. एकाखालीं एक सरकणारीं तीन टेबलेंहि लहान घरास सोयीचीं. पाहुणे आले कीं बाहेर, गेले कीं आंत.

जुनें असो वा नवें, माप चुकलें तर सर्व व्यर्थ. बहुतेक खुर्च्यांचे हात जमिनीपासून २२ ते २६ इंचांवर असतात. टेबल त्याच उंचीचें अथवा इंच-दोन इंच खालीं असावें, म्हणजे बसल्या जागीं न वांकतां कप ठेवतां येतो. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीनें ही गोष्ट दिखाव्याहून मोठी आहे. बुटकें टेबल हवें म्हणून जुन्याचे पाय कापूं नयेत. तें खुर्चीऐवजीं दिवाणापाशीं न्यावें. दोन बाजूंस दोन सारखींच टेबलें असलीं पाहिजेत असाहि नियम नाहीं. एकीकडे आजोबांचा टीपॉय व दुसरीकडे पोलादी नळीचें टेबल, उंची एक असली, तर डोळ्यांस खुपत नाहीं.

जुन्या टीपॉयास खण असेल, तर तो जुलैंत अडकेल. त्यावर रंधा मारण्याची घाई करूं नये. कडेस मेण चोळून ठेवावें व ऑक्टोबरची वाट पाहावी.