हौशी बिनतारी संभाषण आणि मराठी वर्णांची ओळख

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे तालुक्याचे गाव आहे. मराठी माणूस त्याचे नाव ‘व’ने उच्चारतो आणि लिहितो, इंग्रजी सरकारी कागदपत्रांत मात्र ते बहुधा ‘ब’ने सुरू होते. कागदावर या भेदाने फारसे बिघडत नाही, कारण वाचणारा दोन्ही रूपे ओळखून असतो. परंतु हेच नाव बिनतारी यंत्रावरून, सतत चाललेल्या खरखरीतून, या प्रदेशाशी अपरिचित असलेल्या श्रोत्याला सांगावयाचे झाले तर ते त्याच्यापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचेल, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांतील लोक तर कित्येक वर्षांपासून जमिनीखालून येणाऱ्या आवाजांविषयी सांगत आले आहेत. ज्या मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिली, तेथे अशा धक्क्यानंतर वीज व दूरध्वनी बंद पडल्यास निरोप कसा जाईल, याचा विचार करावाच लागतो. तो विचार हौशी बिनतारी संभाषणापाशी, म्हणजेच ज्याला सर्वत्र ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्या छंदापाशी, येऊन पोहोचतो.

या छंदाचे स्वरूप थोडक्यात असे. परवानाधारक व्यक्ती स्वतःच्या यंत्राने, ठरवून दिलेल्या कंप्रतांवर, दुसऱ्या परवानाधारकाशी बोलते. त्यात द्रव्यलाभ नसावा अशी अट आहे. भारतात परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो व त्यासाठी विद्युत्‌शास्त्राची मूलतत्त्वे आणि नियम यांची परीक्षा द्यावी लागते. भारतातील पहिले परवानाधारक म्हणून १९२१ सालच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव घेतले जाते. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र, दोन झाडांमध्ये ताणलेली तार आणि ऐकण्याची चिकाटी एवढ्या सामग्रीवर हा छंद चालू शकतो. सात मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन काहीशे किलोमीटर अंतरावर उतरतात; हिंगोलीहून मुंबईला पोहोचण्यास त्या दिवसा उपयोगी पडतात. १४४ मेगाहर्ट्‌झपासून पुढच्या लहरी मात्र जवळपास सरळ रेषेत जातात आणि कयाधूच्या खोऱ्यातला एखादा डोंगरही त्यांना पुरेसा अडथळा होतो.

राज्यकर्त्यांना हे यंत्र नेहमीच संशयास्पद वाटत आले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच भारतातील हौशी प्रेषकांना यंत्रे जमा करण्याचे आदेश निघाले. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जी गुप्त काँग्रेस नभोवाणी चालविली, तिच्या उभारणीत याच छंदातल्या माणसांचे हात होते. म्हणजे तो संशय अगदीच निराधार नव्हता. आजही या क्षेत्रात अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी मनाई आहे. गंमत अशी, की ज्यांना गुप्त भाषा निषिद्ध आहे त्यांचेच बोलणे बाहेरच्या माणसाला सर्वस्वी अगम्य वाटते. ‘क्यूटीएच हिंगोली’ म्हणजे ठिकाण हिंगोली. ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसऱ्या केंद्राची ढवळाढवळ. ‘क्यूआरएन’ म्हणजे वातावरणातील खरखर. निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणजे शुभेच्छा. तारायंत्राच्या काळात वेळ वाचावा म्हणून निर्माण झालेले हे संक्षेप आहेत. त्यांतील ‘क्यू’च्या संज्ञांचा कोश उघड असून १९१२ च्या लंडन परिषदेपासून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. हे संक्षेप लपविण्यासाठी नसून वाचविण्यासाठी आहेत.

भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी आणखी एक गोष्ट म्हणजे संबोधन. मोर्सच्या काळापासून या मंडळींत समोरच्या पुरुषाला ‘ओल्ड मॅन’ म्हणण्याची रीत आहे, मग तो सोळा वर्षांचा असो वा सत्तर वर्षांचा. इंग्रजीत हे सहज खपते. मराठी बोलणाऱ्याला मात्र पहिल्याच वाक्यात ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागते, आणि ज्याचे वय, हुद्दा, नाते यांपैकी काहीच दिसत नाही अशा केवळ आवाजाबाबत ते ठरवावयाचे असते. क्रियापदे तर त्याहून अडचणीची. ‘कुठून बोलता आहात’ म्हटले की निभावते, पण ‘कुठून बोलतो आहेस’ किंवा ‘बोलते आहेस’ म्हणताच ऐकणाऱ्याचे लिंगही गृहीत धरावे लागते. आदरार्थी अनेकवचन येथे केवळ सभ्यता राहत नाही. ते एक सोयीचे आच्छादन ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. हौशी प्रेषकांच्या प्रचलित पद्धतीत माणसाचा आवाज साधारणपणे ३०० ते ३००० हर्ट्‌झ या पट्ट्यात कापून पाठविला जातो. मराठी ध्वनींवर या काटछाटीचा परिणाम सारखा होत नाही. ‘स’ची बरीचशी शक्ती ४००० हर्ट्‌झच्या वर असते, ती वाटेतच गळते. ‘श’चे घर्षण त्यामानाने खालच्या कंप्रतांवर असल्याने तो बराच टिकतो. ‘म’ आणि ‘न’ यांचा नाकातून येणारा गुंजनाचा भाग ३०० हर्ट्‌झच्या आसपास व त्याखाली असल्याने तोही क्षीण होतो व दोघांची गल्लत होऊ लागते. महाप्राणांतील श्वासाचा अंश खरखरीत मिसळून जातो. ‘भ’चा ‘ब’ होतो, ‘घ’चा ‘ग’. ‘ब’ उच्चारताना ओठ मिटून जी क्षणभर स्तब्धता येते, ती खरखरीने भरून निघाली की तो ‘व’पासून वेगळा ओळखणे कठीण जाते. वसमत आणि सेनगाव ही दोन नावे या दृष्टीने पाहावीत: पहिल्यात ‘व’, ‘स’ आणि ‘म’ तिन्ही संशयित, दुसऱ्यात ‘स’ आणि ‘न’.

शिवाय बोलीभेद आहेतच. हिंगोलीच्या उत्तरेस वाशीम लागते आणि वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘ण’च्या जागी ‘न’ तर ग्रामीण मराठीत दूरवर आढळतो. ‘कळमनुरी’तला ‘ळ’ बोलणाऱ्याने ‘य’सारखा उच्चारला आणि ऐकणारा कोकणातला असला, तर यंत्र निर्दोष असूनही निरोप चुकेल.

अशा वेळी अक्षरे फोडून सांगण्याचा उपाय जगभर केला जातो. ‘आल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही वर्णमाला सर्वपरिचित आहे; तिच्यामागील भाषाशास्त्रीय परिश्रम मात्र फारसे परिचित नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने हे काम माँट्रिअल विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल व्हिने यांच्याकडे सोपविले. १९५१ मध्ये पहिली यादी अमलात आली आणि तिच्यातले दोष लगेच उघडकीस आले. ‘नेक्टर’ आणि ‘व्हिक्टर’, ‘डेल्टा’ आणि ‘एक्स्ट्रा’ या जोड्यांत गोंधळ होऊ लागला. पुन्हा चाचण्या झाल्या, त्यांत एकतीस राष्ट्रांच्या भाषकांचा समावेश होता, आणि पाच शब्द बदलून १९५६ मध्ये आजची यादी कायम झाली. ‘नेक्टर’ जाऊन ‘नोव्हेंबर’ आला, ‘युनियन’ जाऊन ‘युनिफॉर्म’. भारतीय प्रेषकांच्या नामसंकेतांची सुरुवात ज्या ‘व्हीयू’ने होते, ती दोन अक्षरे आज ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ अशी सांगितली जातात, त्यामागे ही सारी उलाढाल आहे.

ही वर्णमाला रोमन अक्षरांची आहे. म्हणून तिचा उपयोग करण्यापूर्वी मराठी नाव रोमन लिपीत घालावे लागते, आणि तेथे ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’, ‘ट’ व ‘त’, ‘ड’ व ‘द’ एकाच अक्षरात बुडतात. प्रत्येक अक्षर बिनचूक पोहोचूनही गाव संदिग्धच राहते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद यांनी पोर्ट ब्लेअरहून जे निरोप पाठविले, त्यांत माणसांच्या खुशालीची चौकशी हा मोठा भाग होता. अशा निरोपाचे सारे मोल नावात असते. वाक्यातला एखादा शब्द गळाला तरी संदर्भाने भरून काढता येतो, नाव तसे भरून काढता येत नाही.

देवनागरीच्या अक्षरांची नावे जशीच्या तशी उच्चारावीत, तर अडचण वाढते. इंग्रजीत ‘बी, सी, डी, ई’ अशी काही अक्षरनावे एका यमकात बसतात. मराठीत क, ख, ग, घ पासून ळ पर्यंत सर्वच व्यंजने ‘अ’कारान्त उच्चारली जातात. यावरचा उपाय मात्र बालपोथीने फार पूर्वीच शोधलेला आहे. ‘क कमळाचा’, ‘घ घराचा’, ‘ब बदकाचा’ हे मुलांना शिकविण्यासाठी रूढ झाले, आणि दूरध्वनीवर आडनाव सांगताना प्रौढ माणसेही नकळत त्याचाच आश्रय घेतात. परंतु ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ या जोडीकडे पाहावे. दोन्ही शब्दांत फरक आहे तो नेमका ज्या ध्वनीविषयी शंका आहे त्याच ध्वनीचा. ‘नेक्टर’ आणि ‘व्हिक्टर’ यांच्यापेक्षाही ही जोडी घातक आहे. ‘ळ कमळातला’ म्हणावे तर ‘क’ आधीच कमळाला देऊन झालेला असतो. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठीत शब्दारंभ होत नाही, हे या अडचणीचे मूळ होय. त्यांच्यासाठी शब्दाच्या मध्यात वा अंती ते वर्ण असलेले, परंतु स्वर व अक्षरसंख्या यांत परस्परांहून सर्वस्वी वेगळे असलेले शब्द निवडावे लागतील. ‘ण रावणातला’ आणि ‘ळ केळ्यातला’ ही जोडी निदान परीक्षेला बसविण्याजोगी आहे.

ग्रामनामांनी स्वतःपुरता एक उपाय करून ठेवला आहे, तोही येथे विचारात घेण्याजोगा आहे. नामदेवांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेली हिंगोलीतील नर्सी ‘नर्सी नामदेव’ म्हणूनच सांगितली जाते; शेजारच्या नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुक्यात दुसरी नर्सी आहे. ‘पांगरा शिंदे’ यातील ‘शिंदे’, महाराष्ट्रभर पसरलेले ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ ही महसुली दप्तरात रुळलेली पदे खरखरीतही तग धरतात, कारण ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ यांत अक्षरसंख्येपासूनच फरक आहे. बोलताना आळसाने गाळला जाणारा हा उत्तरभाग बिनतारी संदेशात पूर्वभागाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या शब्दांची परीक्षा घेण्यास परवान्याची आवश्यकता नाही. वसमत, सेनगाव, वाशीम आणि पुणे येथील वक्त्यांकडून शब्द ध्वनिमुद्रित करून ते ३०० ते ३००० हर्ट्‌झच्या गाळणीतून काढावेत, त्यांत पायरीपायरीने खरखर मिसळावी आणि श्रोत्यांनी काय ऐकले ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे. श्रोत्यांपैकी निम्मे तरी मराठवाड्याबाहेरचे असावेत. ज्याला कळमनुरी ठाऊक आहे तो ती न ऐकताही लिहील.