लॉबिंग म्हणजे लाच नव्हे

बिल्डर मंत्र्यांना भेटले, की भिवंडीच्या निजामपुऱ्यातही ‘पैसे दिले असतील’ असे सहज म्हटले जाते. लॉबिंग म्हणजे कायदे आणि धोरणे ठरवणाऱ्यांपुढे आपली बाजू मांडणे. वीजदरात सवलत मिळावी म्हणून भिवंडीचे यंत्रमागधारक मंत्रालयात निवेदन देतात, तसेच हे. लाच देणे हा गुन्हा आहे. निवेदन देणे हा हक्क.

‘क्रेडाई-एमसीएचआय’ ही विकासकांची संघटना मुद्रांक शुल्क (दस्तऐवजांवरचा राज्याचा कर) कमी करण्याची मागणी करत आली आहे. कोरोनाकाळात, सप्टेंबर २०२० पासून, राज्याने ते तात्पुरते घटवले. जानेवारी २०२१ मध्ये बांधकाम प्रीमियमही (जादा बांधकाम आणि सवलतींसाठीचे शुल्क) निम्मे केले. मात्र सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट घातली. ही अट मला फार महत्त्वाची वाटते.

खरी अडचण वेगळीच आहे. अशा भेटींची नोंद जाहीर करायला लावणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. शिवाय विकासक संघटित असतात, घर घेणारे विखुरलेले. तरी २०१६ च्या अखेरीस ‘रेरा’च्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) मसुदा नियमांवर मुंबई ग्राहक पंचायतीने हरकती नोंदवल्याच. अशा कोणत्याही मसुद्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा आपलीही लेखी हरकत जरूर पाठवा.