एकाच स्फटिकाचे दोन चेहरे

दुधाची पिशवी ज्या पॉलिथिनची असते, ते इथिलिन वायूपासून बनते. कारखान्यात तयार झालेल्या इथिलिनमध्ये थोडे ॲसिटिलिन उरते आणि ते पुढच्या प्रक्रियेतला उत्प्रेरक निकामी करते. पॅलेडियम धातूवर हायड्रोजनशी संयोग घडवून या ॲसिटिलिनचेही इथिलिन करता येते. पण शुद्ध पॅलेडियम तिथे थांबत नाही. हाती आलेल्या इथिलिनचेही ते इथेन करून टाकते.

पॅलेडियम आणि गॅलियम यांचे आंतरधातू संयुग हा यावरचा एक उपाय. पितळेत तांबे व जस्ताचे अणू चिवड्यासारखे कसेही मिसळलेले असतात. या संयुगात मात्र प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. पॅलेडियमच्या प्रत्येक अणूभोवती गॅलियमचे ७ अणू असल्याने पॅलेडियमचे अणू एकमेकांपासून वेगळे राहतात आणि क्रिया आटोक्यात राहते.

ही क्रिया घडते पृष्ठभागावर. तिथे स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यावर नवलच दिसले. स्फटिकाच्या एका पृष्ठावर पॅलेडियमचे सुटे अणू होते, तर नेमक्या विरुद्ध पृष्ठावर तीन-तीन अणूंची त्रिकुटे. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्प्रेरक निवडताना धातू कोणते, एवढेच पाहून भागत नाही. त्यांचा कोणता चेहरा वायूसमोर येतो, हेही पाहावे लागते.